नदीचं दार एक मार्चला उघडतं

दोस्तांनो, शाळेला सुट्टी असते, बँकेला असते, आठवड्यातून एकदा दुकानांनाही असते. पण नदीला सुट्टी असलेली तुम्ही कधी पाहिलीत का? मी पाहिली. चांगली चार महिन्यांची सुट्टी! आणि ती मला ठाऊक नसल्यामुळे आमची कशी फजिती झाली, तेच आज सांगायचं आहे.

त्याचं असं झालं. माझा भाऊ नोकरीनिमित्त चंदीगडला असतो. त्याच्या धाकटीच्या बारशाला मी फेब्रुवारीत तिकडे गेले. बारसं झालं, घुगऱ्या वाटून झाल्या, आणि माझ्या रजेचे चार दिवस अजून शिल्लक होते. माझा भाचा, म्हणजे भावाचा थोरला मुलगा, सातवीत. त्याची वार्षिक परीक्षा नुकतीच आटोपली होती. तो म्हणाला, "आत्या, आपण ट्राउट पकडायला जाऊ या! हिमाचलमध्ये, तीर्थन नदीवर." भावाकडे गळ टाकायची एक काठी होतीच, फिरकीची, दोरा गुंडाळणारी. मी मूळची रायगड जिल्ह्यातली. ओढ्यावर गरवण्यात माझं लहानपण गेलेलं. (आमच्याकडे गळाने मासे धरण्याला 'गरवणं' म्हणतात.) मी लगेच हो म्हटलं!

चंदीगडहून रात्री कुलूकडे जाणारी बस धरली. पहाटे डोळे उघडले तेव्हा गाडी बियास नदीच्या काठाकाठाने चालली होती. औट नावाच्या गावाजवळ महामार्ग एका लांबलचक बोगद्यात शिरतो. आम्ही बोगद्याच्या अलीकडेच उतरलो आणि बंजारची छोटी बस पकडली. लारजीपाशी सैंज आणि तीर्थन या दोन नद्या एकमेकींना भेटतात आणि बियासला मिळतात. तिथून रस्ता तीर्थनच्या सोबतीने वर वर जातो. बंजार मागे पडलं, दरी अरुंद झाली, आणि गुशैणीच्या अलीकडे एका घरापाशी आम्ही उतरलो. इथल्या जुन्या घरांच्या भिंती बघण्यासारख्या असतात. एक थर दगडाचा, एक थर देवदाराच्या लाकडाचा, पुन्हा दगडाचा. चुना नाही, सिमेंट नाही. भूकंपाचा हादरा बसला तर भिंत थोडी हलते, पण पडत नाही, असं तिथली माणसं सांगतात.

सफरचंदाची झाडं अजून निष्पर्ण होती, नुसत्या काटक्या. डोंगरांच्या माथ्यावर बर्फ चकाकत होतं. आणि खाली नदी! पाणी इतकं नितळ की तळातला एकेक गोटा मोजावा. हिवाळा संपत आला की नदी अशीच असते, कारण वरचं बर्फ अजून वितळू लागलेलं नसतं. एप्रिल-मे मध्ये बर्फाचं पाणी आलं की हीच नदी फुगते, गढूळ होते आणि धावत सुटते.

सामान टाकलं आणि पाचव्या मिनिटाला आम्ही काठी घेऊन काठावर हजर! एका ठिकाणी पाणी उथळ होतं, गुडघ्याच्याही खाली, आणि तळाला बोरांएवढे, आवळ्यांएवढे छान गोल खडे पसरलेले. भाच्याने बूट काढले, पॅन्ट वर केली आणि पाण्यात पाय टाकणार एवढ्यात वरच्या बांधावरून आरोळी आली, "रुको बेटा! पाँव मत रखना!"

आम्ही जागच्या जागी थिजलो. ज्यांच्या घरी उतरलो होतो ते गृहस्थ धापा टाकत खाली आले. वय सत्तरीच्या आसपास, डोक्याला कुलूची रंगीत पट्टीची टोपी. भाचा त्यांना चाचाजी म्हणू लागला, म्हणून मीही चाचाजीच म्हणते. मला वाटलं, तिथे पाणी खोल असेल, नाहीतर काहीतरी चावणारं असेल. ते म्हणाले, "मॅडमजी, काठी गुंडाळून ठेवा. आज सत्तावीस तारीख. नदी बंद आहे."

"नदी बंद?"

"एक नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. ट्राउटच्या कुठल्याही पाण्यात गळ टाकायचा नाही. एक मार्चला उघडते. आणि या खड्यांवर तर पाय ठेवायचाच नाही. खाली बाळं आहेत."

बाळं! आम्ही तिघंही वाकून वाकून बघू लागलो. काही म्हणजे काही दिसेना. चाचाजी तिथेच एका दगडावर बसले आणि त्यांनी जे सांगितलं ते ऐकून, खरं सांगते, मला माझ्याच पायांची लाज वाटली.

ट्राउटची मादी थंडी पडू लागली की नदीत वरच्या अंगाला, उथळ वाहत्या पाण्यात येते. अशीच गोल खड्यांची जागा शोधते. मग कुशीवर आडवी होऊन शेपटीने फटाफट पाणी मारते, की खडे उडून खळगा तयार होतो. त्यात अंडी घालायची, नराने त्यांवर फलन करायचं, आणि मग जरा वर सरकून पुन्हा शेपटीने खडे उडवून अंड्यांवर पांघरूण घालायचं. अंडी नारिंगी रंगाची, साधारण वाटाण्याच्या दाण्याहून थोडी लहान. एक किलो वजनाची मादी दीड-दोन हजार अंडी घालते. कोंबडीसारखं उबवायला कुणी बसत नाही. खड्यांच्या फटींतून थंड पाणी झुळझुळत राहतं, तेवढंच त्यांना हवं असतं. पाणी जितकं गार तितका वेळ जास्त. पाच अंश सेल्सिअस असेल तर पिल्लू बाहेर यायला जवळजवळ तीन महिने लागतात! आणि अंड्यातून निघालं तरी ते लगेच पोहत नाही. पोटाला अंड्यातल्या बलकाची पिशवी चिकटलेली असते. तोच त्याचा डबा. तो संपेपर्यंत, आणखी काही आठवडे, पिल्लू खड्यांखालीच अंधारात बसून राहतं.

म्हणजे आम्ही जिथे मजेत पाय टाकणार होतो, तिथे खाली पाळणाघर होतं. माणसाचं एक पाऊल पडलं की खडे दबतात आणि किती जीव चिरडतात याचा हिशेब नाही. चाचाजी म्हणाले, "एक मार्चला नदी उघडली तरी या जागी पाय टाकू नका. मोठ्या दगडांवरून चला."

भाचा हळूच बूट घालू लागला. भावाने काठीच्या दोऱ्याची फिरकी बंद केली. आणि मी? मला एकदम आमच्या गावचा ओढा आठवला.

कोकणातल्या मुलांना हे माहीत असेल, बाकीच्यांसाठी सांगते. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस पडला की ओढे वाहू लागतात आणि नदीतले मासे अंडी घालण्यासाठी उलटे, प्रवाहाविरुद्ध वर चढतात. शेतांत, चोंढ्यांत, कुठे कुठे शिरतात. त्याला आम्ही 'वलगण' म्हणतो, कुणी 'चढणीचे मासे' म्हणतात. त्या रात्री अख्खं गाव बत्त्या, पाग, टोपल्या, नाहीतर नुसत्या काठ्या घेऊन ओढ्यावर. मासे पोटात अंडी घेऊन चढत असतात, म्हणजे गाबोळीने भरलेले. ती गाबोळी तव्यावर परतली की तिची चव काय सांगू! लहानपणी वलगणीच्या रात्री मी सगळ्यांत पुढे असायची. एकदा तर एकटीने अर्धी बादली भरली होती आणि आजीने दृष्ट काढली होती माझी. त्या अर्ध्या बादलीत किती हजार अंडी होती, हा विचार मला तीर्थनच्या काठी बसेपर्यंत कधी शिवलाही नव्हता. आणि मी शिक्षिका, बरं का!

असो. अठ्ठावीस तारीख अख्खी मोकळी होती. चाचाजींनी आम्हाला तो दिवस गळाशिवाय मासेमारी शिकवण्यात घालवला.

पहिली गोष्ट, ट्राउट कुठे उभी असते. हो, उभीच. तोंड कायम प्रवाहाकडे. वाहतं पाणी खाणं घेऊन येतं आणि श्वासासाठी प्राणवायूही. पण हिवाळ्याच्या शेवटी पाणी इतकं गार असतं की माशाचं अंगही थंड पडलेलं असतं. मासा म्हणजे थंड रक्ताचा प्राणी, पाण्याइतकंच त्याचं तापमान. अशा वेळी तो शक्ती उधळत नाही. मोठ्या दगडाच्या आडोशाला, खोल डोहाच्या तळाशी, जिथे पाणी संथ आहे तिथे गप्प राहतो. अगदी तोंडासमोरून काही गेलं तरच तोंड उघडतो. उन्हाळ्यात तो घासासाठी उडी मारील, पण आता नाही. मी सोबत शाळेतला तापमापक आणला होता. (हसू नका, सवय असते एकेकाला.) सकाळी आठ वाजता पाणी सहा अंश भरलं, दुपारी एकला आठ. "हे दोन अंश वाढले ना, तेव्हा त्याला भूक लागते," चाचाजी म्हणाले. दरीत ऊन पाण्यावर पोचतंच मुळी अकरानंतर.

दुसरी गोष्ट, माशाला आपण दिसतो. कसे? घरी हा प्रयोग करून पाहा. एका खोलगट वाडग्यात रुपयाचं नाणं ठेवा आणि ते कडेआड दिसेनासं होईल इतके मागे सरका. आता कुणालातरी वाडग्यात हळूहळू पाणी ओतायला सांगा. नाणं पुन्हा दिसू लागेल! पाण्यातून हवेत येताना प्रकाशकिरण वाकतात, म्हणून. अगदी त्याच कारणाने काठाआड उभे राहिलेले आपणही माशाला दिसतो. त्यामुळे काठावर उंच उभं राहायचं नाही. ओणवं व्हायचं, झुडुपाच्या मागे राहायचं, आणि स्वतःची सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. दिवसभर ओणवं चालून भावाची कंबर धरली ती धरलीच.

तिसरी गोष्ट, तो खातो काय. चाचाजींनी काठाजवळच्या पाण्यातला एक दगड उलटा करून दाखवला आणि लगेच होता तसा ठेवला. खाली बारीक किडे वळवळत होते. काही अळ्यांनी तर वाळूचे कण आणि खडे चिकटवून स्वतःभोवती नळीसारखं घर बांधलं होतं. थेट गवंडीकामच! हे किडे मोठे होऊन पंख फुटले की पाण्याबाहेर उडतात. ट्राउट पकडणारे लोक गळाला पिसं आणि दोरा गुंडाळून अशाच किड्यांची नक्कल बनवतात. आमच्याजवळ ते नव्हतं. आमच्याकडे होती एक पितळी चकती, लहान चमच्यासारखी, पाण्यात ओढली की गिरक्या घेत येणारी. ती माशाला छोट्या माशासारखी वाटते.

तेवढ्यात एक तपकिरी, गुबगुबीत पक्षी दगडावर येऊन बसला. दोन-तीनदा बसल्या बसल्या उठाबशा काढल्या आणि गेला की सरळ पाण्याखाली! बुडाला म्हणून भाचा ओरडलाच. पण तो पाण्याच्या तळावर चालत किडे वेचत होता. डिपर म्हणतात त्याला. एवढ्या गार पाण्यात! मी तर नुसता हात घातला तरी बोटं बधिर झाली होती.

दुपारी चाचाजींनी अंगणात एक घमेलं ठेवलं, चकतीचा गळ काढून टाकला आणि भाच्याला वीस पावलांवरून ती घमेल्यात टाकायला लावली. पहिले दहा नेम चुकले. एक चकती कौलावर गेली, एक चाचीजींच्या वाळत घातलेल्या ओढणीत. संध्याकाळपर्यंत चारांतली एक आत पडू लागली.

रात्री थंडी मी म्हणत होती. इकडे खोलीच्या मधोमध लोखंडी चूल असते, तिला तंदूर म्हणतात. लाकडं आत घालायची, धूर नळकांड्यातून छपरावर. तिच्याभोवती बसून आम्ही चाचीजींनी केलेले सिड्डू खाल्ले. गव्हाच्या आंबवलेल्या पिठात अक्रोडाचं सारण भरून वाफवतात आणि वर तूप. आपल्या दिंडांची थोडी आठवण होते. खाता खाता चाचाजींनी ट्राउट इथे कशी आली ते सांगितलं. बाकीचं मी नंतर वाचलं.

तर गंमत अशी की ट्राउट मुळात भारतातली नाहीच! ती युरोपातली. इंग्रजांना तिकडच्यासारखी मासेमारी इथेही हवी होती. त्या काळी माशांची अंडी ओल्या शेवाळात घालून, भोवती बर्फ रचून बोटीने पाठवत. १८९९ साली काश्मीरसाठी पाठवलेली पहिली खेप वाटेतच मेली. १९०० मध्ये स्कॉटलंडहून दुसरी आली आणि ती जगली. श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या फ्रँक मिचेल नावाच्या स्कॉटिश माणसाने ती वाढवली. मग १९०९ साली काश्मीरमधून ट्राउटची अंडी कुलूत आणली गेली. हॉवेल नावाच्या तिथल्या इंग्रज अधिकाऱ्याने कटराईंजवळ महिली इथे उबवणी केंद्र सुरू केलं. तिथून ती या नद्यांत पसरली. पुढे १९९० च्या आसपास नॉर्वेच्या मदतीने पतलीकुहलला ट्राउटची शेती सुरू झाली. ती बहुतेक दुसऱ्या जातीची, अंगावर गुलाबी पट्टा असलेली रेनबो ट्राउट. आता कितीतरी शेतकरी तलावांत ती वाढवतात. २०२३ च्या जुलैमधल्या पुरात त्यांतले बरेच तलाव वाहून गेले, तेव्हा माणसं अक्षरशः हवालदिल झाली होती.

मग आपल्याकडे का नाही, असं भाच्याने विचारलं. त्याचं उत्तर पाण्यातच आहे. पाच अंशाच्या एक लिटर पाण्यात साधारण तेरा मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. तीस अंशाच्या पाण्यात जेमतेम साडेसात. ट्राउटला भरपूर प्राणवायू लागतो. वीस अंशांच्या वर पाणी गेलं की ती कासावीस होते. आपल्या ओढ्यांत तिला उन्हाळ्याचा एक दिवससुद्धा निघायचा नाही.

इथे भाच्याने एक असा प्रश्न विचारला की चाचाजी बराच वेळ चुलीत लाकडं सारत राहिले. "चाचाजी, ट्राउट पाहुणी आहे. मग आधी इथे कोण होतं?"

"गुगली," ते म्हणाले.

क्रिकेटमधली नव्हे हं! हा इथला खरा मूळचा मासा. इंग्रजीत त्याला स्नो ट्राउट म्हणतात, पण तो ट्राउटचा कुणीच नाही. आपल्या रोहू-कटल्याच्या गोतातला. दगडांवरचं शेवाळ खरवडून खातो. ट्राउट मांसाहारी, ती गुगलीची पिल्लं खाते आणि चांगल्या जागाही बळकावते. गुगलीच्या या जातीला जागतिक निसर्ग संवर्धन संघाने २०१० साली धोक्यातल्या प्रजातींमध्ये घातलं. चाचाजींच्या लहानपणी गुगली टोपलीने मिळायची म्हणे. आता दिसली तर ते घरी येऊन सांगतात.

"मग तुम्ही पाहुणीचीच एवढी राखण का करता?" भाच्याने विचारलं. मला वाटलं, चाचाजी रागावतील. ते म्हणाले, "बेटा, पाहुणी येऊन शंभर वर्षांवर झाली. तिच्यामुळे लोक येतात, तिच्यामुळे माझं घर चालतं. आणि तिला गार, स्वच्छ पाणी लागतं, म्हणून आम्ही नदी राखली. या नदीवर वीजप्रकल्प यायचे होते, एक नाही, बरेच. पाणी बोगद्यात घातलं असतं तर इथे नुसते गोटे राहिले असते. खोऱ्यातली माणसं कोर्टात गेली." हे २००० नंतरच्या दशकात घडलं. प्रकल्प झाले नाहीत. नदी वाहती राहिली आणि तिच्याबरोबर उरलीसुरली गुगलीही. नदीचा उगम ज्या ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात आहे, त्याला २०१४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाचा मान मिळाला. भाच्याचं मात्र पूर्ण समाधान झालेलं दिसलं नाही. माझंही झालं नाही, खोटं का बोलू?

एक मार्च उजाडला. आधी परवाना काढला. मत्स्यविभागाची पावती फाडावी लागते, एका काठीला एक, त्या दिवसापुरती. जाळं चालत नाही, आणि किती मासे घ्यायचे यालाही मर्यादा. चाचाजींनी पक्कड घेऊन आमच्या गळाचा उलटा काटा दाबून सपाट केला. म्हणजे मासा सोडायचा झाला तर जखम न होता सुटेल.

सकाळचे तीन तास काहीही नाही. नाक लाल, हात लाल. काठीच्या कड्यांत पाणी गोठून दोरा अडकायला लागला. भाऊ दोनदा म्हणाला, "चला, चहा घेऊ." बारा वाजले. ऊन डोहावर आलं. चाचाजींनी भाच्याला एका मोठ्या काळ्या दगडाच्या वरच्या अंगाला चकती टाकायला सांगितली आणि म्हणाले, "ओढू नकोस. नदीला नेऊ दे. तू फक्त धरून राहा."

चकती पडली. गिरकी घेत दगडाच्या कडेने खाली गेली. काठीचं टोक एकदा लवलं. मग पुन्हा, जोरात! दोरा सरसर सुटू लागला, भाचा पांढराफटक, भाऊ ओरडतोय "ओढ, ओढ!" आणि चाचाजी म्हणताहेत "नको, नको!" दोन-तीन मिनिटं झाली असतील. ती मासळी काठाशी आली तेव्हा कुणाच्याच तोंडून शब्द फुटेना. पिवळट तपकिरी अंग, त्यावर काळे ठिपके, आणि मधूनमधून लाल ठिपके, प्रत्येकाभोवती फिकट कडं. जणू कुणी कुंकवाची टिकली लावून भोवती पिठाची रेघ ओढलीय. लांबी माझ्या विती-दीड विती एवढी.

"हात आधी पाण्यात भिजव," चाचाजी म्हणाले. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, तोच त्याला रोगांपासून वाचवतो. कोरड्या हाताने धरला की तो निघून येतो. भाच्याने ओल्या हातांनी ती पाण्यातच धरली, गळ सोडवला आणि चाचाजींकडे पाहिलं. "लहान आहे," ते म्हणाले. "पण पहिली आहे. तुझं तू ठरव."

भाच्याने तोंड प्रवाहाकडे करून तिला धरून ठेवलं. कल्ले उघडत होते, मिटत होते. मग त्याने बोटं सैल केली. क्षणभर ती तिथेच थांबली आणि पुढच्या क्षणी तिथे फक्त पाणी होतं.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल, आम्ही सगळे मासे सोडून दिले. नाही हो! दुपारी दोनच्या सुमाराला भावाला चांगली हातभर मिळाली आणि ती आम्ही मोहरीच्या तेलात तळून, वर मीठ-लिंबू घालून सगळ्यांनी मिळून खाल्ली. मला मासे आवडतात आणि पुढेही मी खाणार. तिचे चार खवले मात्र मी कागदात गुंडाळून घेतले. का, ते ऐका. झाडाच्या बुंध्यात जशी वर्षांची कडी असतात, तशी माशाच्या खवल्यावरही असतात. उन्हाळ्यात मासा भराभर वाढतो, तेव्हा कडी लांब लांब. हिवाळ्यात वाढ मंदावते, तेव्हा दाट. शाळेत परतल्यावर विज्ञानपेटीतला सूक्ष्मदर्शक काढला आणि पाचवीच्या मुलांना एकेकाला डोळा लावायला दिला. दाट पट्टे तीन निघाले. एकाने चार मोजले, त्यावरून वर्गात जोराचं भांडण झालं.

मग जून आला. नऊ-दहा दिवस शाळा उघडायला अवकाश होता. पहिला मोठा पाऊस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या वर्गातला एक मुलगा दारात हजर, हातात पिशवी. "बाई, आजीने दिलेत. वलगणीचे." आत शिवडे आणि मळे, पोटं टम्म फुगलेली. पूर्वी मी उडीच मारली असती. त्या दिवशी मी त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेले आणि आजींना तीर्थनची सगळी गोष्ट सांगितली. खड्यांखालची बाळं, चार महिन्यांची सुट्टी, सगळं. आपल्या समुद्रातसुद्धा जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, नारळी पौर्णिमेला नारळ वाहूनच दर्यात जातात, हेही सांगितलं.

आजींनी नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, "पटतंय गं बाई. पण आम्ही नाही धरले तर पलीकडच्या वाडीतले धरतील. एकट्याने थांबून काय होतंय?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. तीर्थनला एक मार्च आहे, पावती आहे, वरच्या बांधावरून आरोळी देणारे चाचाजी आहेत. आमच्या ओढ्याला अजून यातलं काहीच नाही. पिशवीतले मासे मेलेलेच होते, ते आजींनी शिजवले आणि मला आग्रहाने वाढलेही.

संध्याकाळी पुन्हा पाऊस लागला. मी, तो मुलगा आणि वर्गातली आणखी सात-आठ जणं छत्र्या घेऊन ओढ्यावर गेलो, नुसतं बघायला. ज्या खडकावरून पाणी पडतं तिथे मासे उडत होते. आम्ही मोजत होतो. एक शिवडा तीनदा उडाला, तीनदा खाली पडला. चौथ्या वेळी वर गेला. पलीकडच्या काठावर बत्त्या पेटल्या होत्या.